नईमच्या गोबींची भूक

नईम गेल्याचा फोन आला तेव्हा मी वकिलीच्या कामाने बाभुळगावच्या न्यायालयाच्या आवारात, चहाच्या टपरीजवळ उभा होतो. परवीनभाभींचा आवाज अगदी सपाट होता. "भाईसाब, वो गए," एवढेच त्या म्हणाल्या. फोन ठेवता ठेवता त्यांनी आणखी एक वाक्य उच्चारले... "आज मछलियों को भी किसी ने कुछ नहीं डाला." नवरा गेल्याच्या क्षणी एखाद्या बाईला माशांची आठवण यावी, याचे दुसऱ्या कुणाला आश्चर्य वाटले असते. मला वाटले नाही. मला फक्त मान खाली घालावीशी वाटली. हातातला अर्धा चहा तसाच ठेवून मी यवतमाळची गाडी धरली.

यवतमाळात नईमला ओळखत नाही असा चष्मेवाला माणूस विरळा. त्याच्या वडिलांचे चष्म्याचे दुकान त्याने वाढवले, आणि गावातल्या कितीतरी नाकांवर त्याने स्वतःच्या हाताने बसवलेल्या काड्या आजही आहेत. मृत्यूनंतरचा त्याचा चाळिसावा होऊन गेला. त्याच्या स्वभावाविषयी, त्याच्या थट्टेविषयी, गरजू म्हाताऱ्यांना त्याने मुकाट्याने दिलेल्या चष्म्यांविषयी अनेकांनी मला सांगितले आणि ते सगळे खरे आहे. माझ्याकडे मात्र त्याची जी आठवण सर्वांत जवळची आहे, ती एका काचेच्या टाकीपाशी घुटमळते, आणि त्या आठवणीत मी बरा दिसत नाही. ती गाळून बाकीचे लिहावे, असा विचार मी करून पाहिला. जमले नाही.

आम्ही शाळेपासूनचे सोबती. आमचे घराणे महानुभाव. मांसाहार तर सोडाच, पाणीसुद्धा फडक्यातून गाळल्याशिवाय आमच्या माठात पडत नसे. पाणी गाळून झाल्यावर आई ते फडके लगेच पिळत नसे. विहिरीच्या काठी नेऊन उलटे धरायची, वरून हळूच पाणी सोडायची, आणि कापडावर अडकलेला एखादा दिसता न दिसणारा जीव परत विहिरीत गेला अशी खात्री करूनच ते वाळत घालायची. अशा घरातला मुलगा नईमच्या घरी पहिल्यांदा जेवायला बसला तेव्हा त्याच्या अम्मींनी नवे स्टीलचे ताट आणले होते. भांड्याच्या दुकानातून त्यावर 'गोविंद' असे माझे नावही कोरून घेतले होते. "इसमें हमारे घर का कोई नहीं खाएगा," असे त्यांनी सर्वांना बजावले. ते ताट आयुष्यभर त्या घरात वेगळ्या फळीवर राहिले. ईदच्या दिवशी माझ्यासाठी वेगळ्या चुलीवर वरण शिजायचे, आणि नईम दारातच हात जोडून म्हणायचा, "दंडवत महाराज! या. तुमचं वरण आमच्या बिर्याणीपासून दोन खोल्या दूर ठेवलं हाय." माझ्या नेमधर्माची त्याने जितकी थट्टा केली, तितकीच त्याची राखणही केली. हे मला फार उशिरा उमगले.

मासे त्याच्या आयुष्यात पन्नाशीच्या जवळपास आले. आम्ही दोन्ही कुटुंबे मिळून कोकणात गेलो होतो. बाकीचे सारे लाटांत भिजत असताना नईम खडकातल्या एका डबक्याजवळ उकिडवा बसून राहिला होता. खिशातले भिंग डोळ्याला लावून तो बोटाच्या पेराएवढ्या माशांकडे पाहत होता. परतल्यावर त्याने बैठकीच्या खोलीत टाकी बसवली, आणि तीही खाऱ्या पाण्याची! समुद्रापासून इतक्या दूर, नळाला आठवड्यातून एखाद्या वेळी पाणी येणाऱ्या गावात, हा माणूस गाळलेल्या पाण्यात समुद्री मीठ मोजून कालवायचा आणि त्याचा खारेपणा दुर्बिणीसारख्या एका उपकरणातून तपासायचा. शेजारचे देशमुखकाका कुंपणावरून ओरडायचे, "काहून रे नईम, आमाले प्याले पानी नाई, अन् तुह्या माशाले समुद्र पाह्यजे?" नईम तितक्याच जोरात उत्तर द्यायचा, "काका, तुमी खारं पेत असान तं देतो ना बादलीभर!" मे महिन्यात गाव भाजून निघायचे, तेव्हा घरातला एकुलता एक कूलर टाकीकडे तोंड करून लावलेला असे. परवीनभाभी पदराने वारा घेत म्हणत, "अगले जनम में मैं भी मछली बनूँगी."

त्या टाकीत पुढे त्याने गोबी नावाचे मासे आणले. नावावरून व्हायचे ते भाजीबाजाराचे विनोद पहिल्या आठवड्यातच होऊन गेले. हे मासे लिंबासारखे पिवळे आणि करंगळीच्या नखाहून जरासे मोठे. इतर माशांसारखे ते पाण्यात फिरत नाहीत. प्रवाळाच्या फांदीवर पोट टेकून बसतात आणि तिथूनच जगाकडे पाहतात. नईमने आणलेल्या चारांपैकी दोन बघता बघता भुकेने मेले. खाणे समोरून वाहत जात होते, पण ते तोंड उघडत नव्हते. कोरड्या दाण्याला ते खाणे मानतच नाहीत, हलते ते खाणे, एवढेच त्यांना कळते, हे त्याला दोन मासे गमावल्यावर समजले. मग त्याने जिवंत खाणे तयार करण्याची विद्या आत्मसात केली. उलट्या टांगलेल्या बाटलीत खारे पाणी, त्यात हवेची नळी, आणि चिमूटभर तपकिरी भुकटी. दिसायला दालचिनीच्या पुडीसारखी असलेली ही भुकटी म्हणजे खाऱ्या सरोवरातल्या एका सूक्ष्म कोळंबीची अंडी. दीडेक दिवसात त्यातून नारिंगी ठिपके पोहू लागतात. बाटलीला एका बाजूने बॅटरी दाखवली की ते सारे उजेडाकडे गोळा होतात. तेवढेच पाणी नळीने काढून घ्यायचे, दाट विणीच्या कापडातून गाळायचे, आणि कापडावर राहिलेले ते जीव ड्रॉपरमध्ये भरायचे.

कापडातून गाळायचे... हे मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा उठून अंगणात जाऊन उभा राहिलो होतो. नईमच्या लक्षात आले. त्यानंतर मी असताना त्याने ती बाटली कधी बाहेर काढली नाही.

खाऊ घालतानाचे त्याचे रूप मात्र मी अनेकदा पाहिले. तो आधी पंप बंद करायचा. पाणी स्तब्ध झाले की ड्रॉपरचे टोक फांदीच्या जरा वर, जरा बाजूला धरून इतक्या हळू दाबायचा की नारिंगी ढग आपोआप माशाच्या तोंडापाशी उतरल्यासारखा वाटे. आणि मग, हे महत्त्वाचे, तो काचेसमोरून बाजूला व्हायचा. दाराच्या चौकटीआड उभा राहून तिथून पाहायचा. "कोनी समोर उभं राह्यलं का हे लाजते," तो म्हणायचा. "भूक लागली म्हनून का कोनी तुह्या तोंडाकडे पाहून राह्यला तं तू जेवशीन काय?" पोट भरले की त्या पिवळ्या कातडीतून नारिंगी रंग दिसू लागे. नईम भिंग लावून तो रंग पाहायचा, आणि चेहऱ्यावर असे समाधान असायचे की जणू घरातले तान्हे मूल दूध पिऊन झोपले आहे.

त्याच्या अन्ननलिकेत गाठ निघाली तेव्हा आम्ही सगळेच काही काळ ते नाव उच्चारायला धजत नव्हतो. उपचारांसाठी त्याला नागपुरात दीर्घ मुक्काम करावा लागणार होता. परवीनभाभी सोबत जाणार, मुलगी पुण्याहून परस्पर येणार, म्हणजे घर बंद. जाण्याच्या आदल्या दिवशी त्याने मला बोलावून घेतले. टाकीशेजारच्या कपाटात बाटली, भुकटी, कापड, ड्रॉपर, सारे मांडून ठेवले होते. त्याने मला सगळे समजावले आणि मग थांबून, माझ्याकडे न पाहता विचारले, "तुले जमन का हे? पाह्य, जमत नसन तं आत्ता सांग. परवीनची बहीन रोज येऊन जाईन आर्णी नाक्यावरून. तिले काई वाटत नाई त्याचं."

मी म्हणालो, "जमते. कायले काळजी करतं?"

हे मी का म्हणालो, याचा मी फार विचार केला आहे. मित्र मरणाच्या दारात जात असताना त्याच्या माशांसाठी आपण नाही म्हणावे, हे मला शोभणारे वाटले नाही. नाही म्हणणारा माणूस म्हणून त्याच्या लक्षात राहण्याची मला भीती वाटली. म्हणजे त्या क्षणी मी त्याच्या माशांचा विचार केला नाही, आणि त्याचाही केला नाही. मी माझा विचार केला.

न्यायालयातून परतलो की संध्याकाळी मी किल्ली लावून त्या घरात जायचो. पहिल्या दिवशी बाटलीत पाणी भरले, मीठ घातले, भुकटीची डबी उघडली... आणि ती तशीच बंद केली. डबीत आहे तोवर ती पूड आहे. पाण्यात टाकली की तिचा जीव होतो, आणि तो मी केलेला. त्याला जन्म द्यायचा तो दुसऱ्याला खाऊ घालण्यासाठीच, आणि तेही फडक्यातून गाळून. आईचा हात माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. कपाटात कोरड्या दाण्यांचा एक डबाही होता. टाकीतल्या पट्टेदार माशांसाठी नईम तो वापरत असे. मी त्यातले दाणे टाकले. त्या डब्यावर घटकांमध्ये माशाची पूड लिहिलेली होती. ती ओळ मी वाचली नाही, किंवा खरे सांगायचे तर, ती ओळ जिथे असणार तिथे मी नजर जाऊ दिली नाही. दुसऱ्याने मारून, वाळवून, डब्यात भरून दिलेले माझ्या नेमधर्माला चालत होते. माझ्या हाताला ओल लागली नाही म्हणजे झाले, इतकाच माझा धर्म त्या कपाटापुढे उरला होता.

पट्टेदार मासे दाण्यांवर तुटून पडत. गोबी फांदीवर बसून राहत. दाणा त्यांच्या नाकासमोरून जाई आणि ते जरा अंग चोरून घेत.

नागपुरातून फोन रोज येई. त्याचा आवाज दिवसेंदिवस बारीक होत चालला होता, पण प्रश्न तोच. "खाल्लं काय रे मासोळ्याइनं?" आणि मी म्हणे, "खाल्लं, खाल्लं. तुटून पडले." यात एकही शब्द खोटा नव्हता, मी फक्त कोणत्या माशांनी खाल्ले ते सांगत नव्हतो. साक्षीदाराला असे अर्धे वाक्य बोलताना मी उभ्या आयुष्यात पुष्कळदा पकडले आहे. मग मी विचारी, "अन् तू? तू जेवला काय?" तो म्हणे, "हो ना. आज तं खिचडी हानली वाटीभर." मला बरे वाटे. तो खातो आहे हे ऐकून माझ्या मनावरचे ओझे थोडे हलके होई, आणि त्या हलक्या मनाने मी आणखी एक दिवस ढकलत असे. आर्णी नाक्यावर जाऊन परवीनभाभींच्या बहिणीला "तेवढं तुम्ही बघा" म्हणायला दहा मिनिटे पुरली असती. पण मग मला जमले नाही, हे नईमला कळले असते.

एका संध्याकाळी फांदीवर एकच गोबी होता. दुसरा मला खडकाच्या खाचेत सापडला... पिवळा रंग अजून गेलेला नव्हता. त्या दिवशीही फोन आला. त्या दिवशीही मी "खाल्लं" म्हणालो.

काही आठवड्यांनी डॉक्टरांनी त्याला थोडे दिवस घरी पाठवले. मी स्टेशनरोडवरूनच त्यांच्या गाडीमागे गेलो. नईम इतका उतरला होता की त्याच्याच दुकानातला चष्मा त्याच्याच नाकावर टिकत नव्हता. परवीनभाभींनी त्याला धरून आत आणले. पलंगाकडे न जाता तो टाकीकडे गेला, खिशातून भिंग काढले आणि काचेला टेकला. मी दाराच्या चौकटीपाशी उभा होतो. उरलेल्या गोबीच्या डोक्यामागे खळगा पडला होता, पोट पाठीला लागले होते. ते दिसायला भिंगाची गरज नव्हती.

"कोरडं टाकत होता ना?" त्याने विचारले.

मी हो म्हणालो.

"अरे बाप्पा, मंग सांगतास ना. मी काय रागावलो असतो बे? आजपावतर कधी तुह्या ताटात मटनाची बोटी वाढली काय आमी? तुले जमत नाई हे मले मालूम नोतं का? म्हनून तं इचारलं होतं." मग तो खुर्चीवर टेकला. दम घेत, जरासा हसत म्हणाला, "जाऊ दे. मीबी कुठी खरं बोललो? ते खिचडी-गिचडी सारं झूट होतं. घोटभर पानी उतरत नोतं घशाखाली. तू तिकडं काळजी करशीन म्हनून सांगत होतो. फिटंफाट झाली आपली."

फिटंफाट झाली नव्हती. त्याने माझी काळजी वाचावी म्हणून खोटे सांगितले, आणि मी माझे चांगले नाव वाचावे म्हणून. दोन्ही खोट्यांत शब्द सारखेच होते, म्हणून त्याने ती मोठ्या मनाने एका पारड्यात टाकली. त्याने मला शिव्या दिल्या असत्या तर मी आज थोडा सुखी असतो.

त्या आठवड्यात त्याने स्वतः बाटली लावली. नारिंगी ढग तयार झाला तेव्हा परवीनभाभींनी पंप बंद केला आणि त्याने खुर्चीवर बसूनच ड्रॉपर धरला. मी अंगणात जायला निघालो, तर म्हणाला, "जाऊ नोको. तिकडं दाराआड उभा राह्य. तू काहून लाजून राह्यला, ते मासोळी लाजते तेवढं पुरे." पहिल्या दिवशी गोबीने खाल्ले नाही. दुसऱ्या दिवशी त्याने एकदाच तोंड उघडले, आणि नईमने माझ्याकडे पाहिले, जणू ते माझ्यासाठीच घडले होते. नंतर तो गोबी रोज थोडे थोडे खाऊ लागला. त्याच टेबलावर नईमची वाटी असे, पातळ केलेली पेज. मी तिच्याकडे पाहू लागलो की तो म्हणे, "समोर नोको उभं राहू." मी बाजूला होई. चौकटीआडून पाही. बहुतेक वेळा वाटी तशीच असे.

तो पुन्हा नागपूरला गेला नाही.

चाळिसाव्याला त्या घरी माणसे खूप होती. मी मागेच बसलो होतो. परवीनभाभी त्या गर्दीतून वाट काढत माझ्यापर्यंत आल्या आणि माझ्यापुढे ताट ठेवले. तेच ताट. काठावरचे 'गोविंद' घासून घासून पुसट झाले आहे, पण बोटाला लागते. वरण वेगळे शिजवलेले होते. इतक्या दुःखात, इतक्या माणसांच्या स्वयंपाकात, कुणीतरी माझ्या वरणासाठी वेगळी चूल पेटवली होती. मी घास घेतला आणि तो घशाखाली उतरेना. समोर कुणी उभे नव्हते, तरी उतरेना... त्या ताटात मला जे आयुष्यभर मिळत आले, त्यातले एका भांड्याएवढेही मी त्यांच्या घरासाठी सांभाळू शकलो नाही. त्यांना माझा नेम मोडायचा नव्हता. फक्त मला जमत नाही, एवढे ऐकायचे होते.

जेवणानंतर भाभींनी मला बाजूला बोलावले. नईम गेल्यापासून माशांना खाऊ घालायला येणारी त्यांची बहीण आता आर्णी नाक्यावरून रोज येऊ शकत नव्हती, आणि त्यांच्या स्वतःच्या हाताला कंप होता. "भाईसाब, किसी को दे दूँ क्या टंकी?" त्यांनी विचारले. मी म्हणालो, "थांबा." घरी येऊन आईचे जुने पाणी गाळण्याचे फडके काढले. आई जाऊन बरीच वर्षे झाली. फडके मी जपून ठेवले होते. दुसऱ्या दिवशी ते घेऊन त्या घरी गेलो आणि बाटली लावली.

मी बदललो, असे मला म्हणायचे नाही. कापडावर ते नारिंगी जीव वळवळताना दिसले की आजही माझा हात मागे येतो. मी त्यांना मनातल्या मनात दंडवत घालतो आणि मग ड्रॉपर भरतो. हे पाप की ते पाप, याचा निवाडा मला करता आलेला नाही, आणि तो करण्याचा अधिकार मी गमावला आहे असे मला वाटते. खाऊ घालण्याचा विधी आटोपल्यावर उरलेले चार-दोन जीव फडक्यावर असतात. ते मी पिळून टाकत नाही. फडके उलटे धरून, वरून खारे पाणी सोडून, त्यांना परत बाटलीत सोडतो. आईची रीत एवढीच शिल्लक आहे.

काल संध्याकाळीही गेलो होतो. पंप बंद केला. टाकीतले पाणी स्तब्ध झाले. फांदीच्या जरा वर, जरा बाजूला ड्रॉपर धरला आणि जमेल तितक्या हळू दाबला. मग काचेसमोरून निघून दाराच्या चौकटीआड उभा राहिलो. तिथल्या लाकडावर नईमच्या खांद्याने घासून एक गुळगुळीत जागा झाली आहे. तिथे टेकले की टाकीचा तो कोपरा बरोबर दिसतो.

आतून भांडी लावण्याचा आवाज थांबला. परवीनभाभींनी विचारले, "भाईसाब, खाया क्या उसने?"

नारिंगी ढग खाली उतरत होता. गोबी फांदीवर बसून होता, तोंड मिटलेले.

"नाही भाभी," मी म्हणालो. "अजून नाही खाल्लं. बघून सांगतो."